तिसऱ्या प्रकारची माणसं

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. अठरा वर्षं एका खोलीत पाच इयत्ता एकटीने शिकवून पाहा, मग माझ्या स्वभावाबद्दल बोला. तेलंगणात, आदिलाबादजवळच्या जैनथ मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, आमच्या गावात मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा आहे. मुलं अकरा, मास्तरीण एक, ती मी. सकाळी शाळेत पोचले की मोबाईल तोंडासमोर धरून हजेरी लावायची. मोबाईलने चेहरा ओळखला की हिरवी खूण येते. त्यानंतर दिवसभर माझ्या चेहऱ्याकडे लक्ष देऊन पाहणारं कुणी नसतं. खिचडी शिजवायला चंद्रभागा येते, पण तिला ऐकू कमी येतं, आणि मनातलं काही ओरडून ओरडून सांगता येत नाही.

गेल्या वर्षी वरून हुकूम आला. नोकरीत मुरलेल्या मास्तरांनीसुद्धा पात्रता परीक्षा द्यायची, मुदतीत पास झालं नाही तर घरी बसायचं. शिक्षकांच्या ग्रुपवर रडारड सुरू झाली. मी रडले नाही. मी फॉर्म भरला, पैनगंगेपलीकडून, पांढरकवड्याहून मराठी पुस्तकं मागवली आणि जानेवारीत आदिलाबादच्या परीक्षा केंद्रावर जाऊन उभी राहिले.

उभीच राहिले. आत गेले नाही. गेटावर एक माणूस हॉल तिकीट बघत होता, दुसरा बोटांचे ठसे घेत होता आणि रांग पुढे सरकत होती. माझ्या पुढे सहा जण उरले आणि माझे हात गार पडले. छातीत धडधडायला लागलं, श्वास अर्ध्यात अडकला, कानात दडे बसले. वाटलं, आपण इथेच पडणार आणि ही सगळी पोरंटोरं म्हणणार, बघा, मास्तरीणबाई परीक्षेला घाबरून पडल्या. मी पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करत रांगेतून बाहेर पडले. बसस्टँडवर जाऊन अडीच तास बाकावर बसले आणि पेपर सुटायच्या वेळेला गावाकडची ऑटो धरली.

घरी सांगितलं, पेपर बरा गेला. निकाल लागला तेव्हा सांगितलं, आठ मार्क कमी पडले. माझे यजमान रविकांत, ज्यांचं जैनथला चप्पल-बुटांचं दुकान आहे, ते म्हणाले, होईल होईल, पुढच्या वेळी होईल. कोणत्याही संकटावर त्यांच्याकडे हे एकच औषध असतं आणि ते बिनधास्त सगळ्यांना पाजतात.

पुढची वेळ जूनमध्ये होती. आठ मार्क कमी पडलेल्या माणसाला काय करायचं ते कळतं, त्याने अजून अभ्यास करायचा. मला अभ्यास येत होता. मला ते सहा माणसांचं अंतर चालता येत नव्हतं. जूनमध्येही मी गेटावरून परत फिरले तर नोकरी जाईल हे तर होतंच, पण त्याआधी मला पुन्हा एकदा बसस्टँडवर अडीच तास बसावं लागेल, आणि ते मला सहन होणार नव्हतं. हे कुणाला सांगणार? मुलगी मीनल निजामाबादला नर्सिंग शिकते, तिला आईने धीर द्यायचा असतो. रविकांत म्हणतील, होईल होईल. राहिल्या माझ्या सासूबाई, गयाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते.

आत्याबाई आणि मी बावीस वर्षं एका घरात आहोत. आमचं भांडण नव्हतं. भांडायलाही थोडंफार बोलावं लागतं. नदीकाठच्या दीड एकरात त्या भाजी पिकवतात आणि आठवड्याला जैनथच्या बाजारात बसतात. मी शाळेत जाते. भाकरी झाली, पाणी भरलं, लाईट गेली, यापलीकडे आमची गाडी कधी गेली नव्हती.

तर परीक्षेत मानसशास्त्र असतं, आणि त्यात व्यक्तिमत्त्वाच्या सिद्धांतांचा एक धडा असतो. मोठमोठ्या माणसांनी शंभर-शंभर वर्षांपूर्वी काढलेले सिद्धांत. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही, पाठ करताना त्यांनी मला पुरेसं छळलंय. मला मोठ्याने शिकवल्याशिवाय काही पाठ होत नाही, मास्तरकीची खोड आहे ती. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मी ओसरीवरच्या भिंतीला शिकवत होते. आत्याबाई समोर बसून सांबाराच्या जुड्या बांधत होत्या. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "भिताडाले काय समजून राह्यलं? इकडं तोंड करून सांग."

मी इकडे तोंड केलं. अभ्यास होतोय ना, मग विद्यार्थी कोण का असेना.

पुस्तकात प्रत्येक पंडिताचा छोटा फोटो होता. आत्याबाईंनी फोटो पाहून त्यांची बारशी केली. दाढीवाला म्हणतो, मनाचा मोठा भाग आपल्याला दिसतच नाही, लहानपणी दडपलेलं तिथे पडून असतं आणि पुढे भलत्याच रूपात वर येतं. आत्याबाईंना तो पटला नाही. त्यांचं म्हणणं, याला शेतात कामाला लावा, सगळं वर येईल. चष्मेवाला म्हणतो, प्रत्येक मूल आपण लहान आहोत, कमी आहोत, या भावनेने सुरुवात करतं आणि जन्मभर ती उणीव भरून काढायला धडपडतं, कुणी कामाने, कुणी नुसत्या ऐटीने. हा त्यांना आवडला. 'न्यूनगंड' हा शब्द त्यांनी माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतला आणि पाठ केला. मिशीवाला म्हणतो, माणूस जगात वावरताना एक मुखवटा घालतो, आणि तोच आपला चेहरा आहे असं त्याला वाटायला लागलं की आतून एकटा पडतो. त्यावर त्या म्हणाल्या, बाजारात गिऱ्हाईक आलं की मी हसते, घरी येऊन हसत नाही, मला काही झालं नाही. मी मनात म्हटलं, तुम्हाला नाही झालं, घरातल्यांना झालं.

पण त्यांची खरी लाडकी होती ती बाई. त्या सगळ्या कोटवाल्या पुरुषांत एकटीच बाई. ती म्हणते, लहान मूल एखाद्या घरात एकटं आणि लाचार पडलं, त्याला भोवतालची माणसं आपली वाटली नाहीत, की त्याच्या मनात एक मूळची भीती बसते. ती भीती झाकायला माणसं तीन प्रकारांनी वागतात. पहिल्या प्रकारची लोकांच्या मागे मागे करतात, सगळ्यांना खूश ठेवतात. दुसऱ्या प्रकारची लोकांच्या अंगावर जातात. तिसऱ्या प्रकारची लोकांपासून लांब पळतात, कुणाची गरजच नाही असं दाखवतात.

आत्याबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली आणि गाव मोजायला घेतलं. सरपंच पहिला, पोस्टमन पहिला, बाजारात शेजारी बसणारी बयनाबाई दुसरी, आणि त्या स्वतःही दुसऱ्या. अर्ध्या तासात त्यांनी सगळी गल्ली तीन टोपल्यांत टाकली. मग मला विचारलं, तू कोणती? मी म्हटलं, पहिली, मास्तर माणसाला सगळ्यांशी गोड राहावं लागतं. त्यांनी पुन्हा जुडी उचलली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही, कारण तो धडा वाचताना पहिल्या वाचनालाच मला माझा प्रकार कळला होता.

गंमत बघा, माझ्या भीतीचं कारण मला एका धड्यात सात-आठ जणांनी समजावून सांगितलं. मुलाखतीला आल्यासारखे एकेक येऊन गेले. मिटिंगमध्ये सगळे तेलुगूत बोलतात तेव्हा मी मागच्या खुर्चीवर का बसते, ते चष्मेवाल्याने सांगितलं. 'नीलिमा मॅडम किती शांत' असं लोक म्हणतात तेव्हा मला राग का येतो, ते मिशीवाल्याने सांगितलं. फोटोतला एक टकलू पंडित म्हणाला, तू आहेस ती आणि तू असायला पाहिजेस असं तुला वाटतं ती, या दोघींमध्ये जेवढं अंतर, तेवढी तुझी बेचैनी. पटलं. सगळं पटलं. मे महिना उजाडला तरी गेटाची आठवण झाली की हात गार पडायचेच. कुणी कारण सांगितलं म्हणून ताप उतरत नाही, हे मला तेव्हा चांगलंच कळलं.

मे महिन्यात शाळेला सुटी. आत्याबाईंचा गुडघा दुखत होता म्हणून मी बाजारात त्यांच्यासोबत जायला लागले. जैनथच्या बाजारात त्यांच्या शेजारी कितीतरी वर्षांपासून बयनाबाई बसते, मिरच्या आणि लसूण घेऊन. तिच्या बहिणीचा मुलगा वैभव त्या दिवशी तिचा डबा घेऊन आला. सव्वीस वर्षांचा, काळा गॉगल, गाडीचा आवाज असा की भेंडी घेणाऱ्या बाईने दचकून हातातली भेंडी सोडली. हाही आमच्यासारखा पात्रता परीक्षेच्या मागे लागलेला.

आत्याबाईंना राहवलं नाही. चार गिऱ्हाइकांच्या देखत त्यांनी बयनाबाईला सांगितलं की तुमच्या पोराला न्यूनगंड आहे. बयनाबाईला वाटलं काहीतरी रोग. आत्याबाईंनी मग नीट समजावलं, अगदी मी समजावलं होतं तसं, की ज्याला आत लहान वाटतं तो बाहेर मोठा आवाज करतो. गिऱ्हाइकं हसली. वैभवने गॉगल काढला. त्याचा चेहरा मी पाहिला. परीक्षेसाठी पाठ केलेला माझा शब्द होता तो, आणि भर बाजारात एका पोराच्या तोंडावर जाऊन आदळला होता.

तो मावशीच्या कानात काहीतरी बोलला. बयनाबाई उठून उभी राहिली आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या पोराले नावं ठेवू नका, गयाबाई. थो परीक्षेले बसला तरी. तुमची सून गेटावरून पळून आली. यानं सोताच्या डोयानं पायलं."

मी भेंडीच्या ढिगाकडे बघत राहिले. पळायला जागाच नव्हती, एका बाजूला पोती, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकं. तेवढ्यात आत्याबाईंचा आवाज आला, जराही न अडखळता. "पळून नाई आली. म्याच बलावून घेतली होती. माही तब्येत बिघडली होती."

बयनाबाई खाली बसली. गिऱ्हाइकं पांगली. त्यानंतर दोन तास आत्याबाई भाजी विकत होत्या, हसत होत्या, मापाला चार भेंड्या जास्त टाकत होत्या आणि माझ्याकडे एकदाही पाहत नव्हत्या. परत येताना ऑटोत त्या रिकाम्या टोपल्या मांडीवर धरून बसल्या. मी आधी वैभववर चिडले, मग बयनाबाईवर, मग आत्याबाईंवर, आणि गावाचा फाटा आला तेव्हा चिडायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी रिकाम्या टोपल्या एकात एक घातल्या, पाय धुतले आणि ओसरीवर बसल्या.

"आठ मार्क कमी पडले होते नं?"

मी म्हटलं, मी पेपरला बसलेच नव्हते. गेटावर सहा जण पुढे असताना काय झालं ते सगळं सांगितलं. बसस्टँडचं सांगितलं. बोलायला लागल्यावर मला थांबता आलं नाही.

"मले सांगतलं काऊन नाई?"

"तुमी हसल्या असत्या."

"हसली असती," त्या म्हणाल्या. "मंग? हसून झाल्यावर सैपाक केला असता. जेवलो असतो दोघी. तू तं चार महिने एकटी घेऊन फिरून राह्यली, अन् आज मले भर बाजारात खोटं बोला लागलं. सत्तर वर्षांत म्या बाजारात माप मारलं नाई."

मला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. मी सांगितलं की हसण्याचीच तर भीती आहे. मी सात वर्षांची असताना माझ्या माहेरच्या गावची शाळा बंद पडली आणि मला आदिलाबादला माझ्या सख्ख्या आत्याकडे शिकायला ठेवलं. आत्या वाईट नव्हती. तिची पाच मुलं होती आणि मी सहावी. दिवेलागणीला मला आईची आठवण यायची, मी रडायचे, आणि ती पाचही मुलं माझ्यासारखं रडून दाखवायची. आत्यासुद्धा हसायची. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. चौथ्या दिवशी मी रडायचं बंद केलं. मग सगळे म्हणायला लागले, नीलिमा किती शहाणी. तेव्हापासून सदतीस वर्षं मी शहाणीच आहे. मला काही झालं तर मी कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी जाते.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. डोक्यावरून हात वगैरे फिरवला नाही, ती त्यांची रीत नाही. म्हणाल्या, "थे बाई म्हनते तशी. तिसरी."

"हो. तिसरी."

"मले फेबरवारीतच माईत होतं. म्हटलं, आपून होऊन सांगन. म्या बी पुन्हा विचारलं नाई." मग म्हणाल्या, "आपल्या घरात दोघी बी वाट पाहात बसलो."

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं की बावीस वर्षं मी एकटी होते आणि समोरची बाईही एकटीच होती. मी तिच्याकडे सासू म्हणून पाहिलं, तिने माझ्याकडे शिकलेली सून म्हणून पाहिलं, आणि मध्ये भाकऱ्यांची थप्पी. मला याचं फार वाईट वाटलं. मग वाईट वाटून घ्यायचा कंटाळा आला आणि मी ठरवलं. गेटातून आत जायचं. त्याआधी बाजारात जाऊन खरं सांगायचं.

बाजाराला आत्याबाईंची साफ ना होती. मी खरं सांगितलं तर त्या खोट्या पडणार होत्या. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पण ते न बोलणं वेगळं होतं, भांडी आपटून केलेलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, काय सांगायचं ते सांग, पण मी उठून पाणी प्यायला गेल्यावर सांग. रविकांतलाही मी सांगितलं. ते बराच वेळ चपलेचा अंगठा शिवत राहिले आणि होईल होईल म्हणाले नाहीत. तू मला सांगायला पाहिजे होतंस, असं म्हणाले. 

पुढच्या बाजाराला आत्याबाई पाणी प्यायला गेल्या आणि मी बयनाबाईला सांगितलं की वैभवने पाहिलं ते खरं होतं, मी घाबरून पळाले, आत्याबाई आजारी नव्हत्या, त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या. बयनाबाई लसूण निवडत म्हणाली, "मले तवाच समजलं होतं." एवढंच. क्षमा नाही, गळाभेट नाही. वैभवला मी म्हटलं की तो शब्द माझ्याकडून आला होता आणि पुस्तकातले शब्द माणसांवर फेकायचे नसतात, चुकलं. त्याने गॉगल डोक्यावर चढवला आणि विचारलं, "मॅडम, थो मानसशास्त्राचा धडा तुमच्याकडं मराठीत हाय का?" मी पुस्तक दिलं. मला आता ते पाठ होतं.

परीक्षेच्या आठ दिवस आधी हॉल तिकीट आलं. केंद्र तेच. मी एकटी आदिलाबादला गेले आणि त्या बंद गेटासमोर उभी राहिले. छाती धडधडली. धडधडू दिली. वॉचमनने तेलुगूत विचारलं, काय पाहिजे? मी म्हटलं काही नाही, आणि अजून पाच मिनिटं उभी राहिले. दोन दिवसांनी पुन्हा गेले. वॉचमनला मी वेडी वाटले असणार, वाटू दे. सात वर्षांच्या पोरीने चार दिवसांत जे शिकून ठेवलं, ते मोडायला चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला दोन खेपा म्हणजे काहीच नाही.

परीक्षेच्या दिवशी रविकांत सोबत यायला निघाले होते. आत्याबाईंनी त्यांना दुकानात धाडलं आणि स्वतः नऊवारी नेसून ऑटोत बसल्या. गुडघा दुखत होता तरी. केंद्रावर रांग होती तशीच. आत्याबाई माझ्या शेजारी रांगेतच उभ्या राहिल्या. पुढची-मागची मुलं बघायला लागली. एकाने तेलुगूत म्हटलं की आजीबाईंचीही परीक्षा आहे वाटतं, आणि आठ-दहा जण हसले. आत्याबाईंना शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. त्याही हसल्या, बाजारातलं हसू. आणि माझा हात धरून पुढे सरकल्या.

सहा जण उरले. हात गार पडले, श्वास अडकला, सगळं आपापल्या वेळेवर हजर झालं. मी आत्याबाईंना सांगितलं, सुरू झालं. त्या म्हणाल्या, "होऊ दे. पाय उचल." चार जण. दोन जण. गेटावर माणसाने त्यांना अडवलं. माझा हात सुटला आणि मी आत गेले. मशीनने ठसा तीन वेळा घेतलाच नाही, मी चौथ्यांदा बोट टेकवलं.

संगणकासमोर बसले आणि खरं संकट तिथे आलं. पडद्यावर घड्याळ उलटं पळत होतं आणि मला एकही अक्षर लागत नव्हतं. दार डावीकडे, दहा पावलांवर. आता एकदा सुरू झाल्यावर मध्येच उठता येत नाही हे मला माहीत होतं, तरी माझं अंग उठायला निघालं होतं. पर्यवेक्षक बाई माझ्याच वयाच्या, फिरत फिरत माझ्यापर्यंत आल्या. त्यांना मराठी येणार नव्हतं. माझं तेलुगू म्हणजे मिटिंगच्या मागच्या खुर्चीवरचं, कधी तोंडातून न काढलेलं. मी हात वर केला.

"मॅडम, नाकु भयंगा उंदि."

मला भीती वाटतेय, एवढंच म्हटलं मी. जन्मात पहिल्यांदा एका परक्या माणसाला, आणि तेही त्या भाषेत जिच्यात मला कायम कमी वाटत आलं. शेजारच्या दोन मुलींनी माना वळवल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मोबाईल पाहतो तसं नाही, नीट. मग खांद्यावर बोटं टेकवून हळू आवाजात म्हणाल्या, "अंदरिकी भयमे, मॅडम. कूर्चोंडी." सगळ्यांनाच भीती वाटते, बसा.

मी बसले. पहिला प्रश्न चौथ्या वाचनाला कळला. दुसरा तिसऱ्या वाचनाला. धडधड थांबली नाही, ती शेजारी बसून राहिली, आणि मी काम करत राहिले. व्यक्तिमत्त्वावर तीन प्रश्न होते. त्या बाईवर एकही नव्हता. सगळे प्रश्न सोडवूनही घड्याळात वेळ उरला तेव्हा मी हात मांडीवर ठेवून शेवटच्या मिनिटापर्यंत खुर्चीत बसून राहिले, कारण तेवढी माझी परीक्षा वेगळी होती.

बाहेर आले तर आत्याबाई रस्त्यापलीकडे एका पानटपरीच्या बाकावर बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत, गुडघा आखडला होता.

"बसलीस?"

"बसले. पूर्ण अडीच तास." मग मी म्हटलं, "आतमध्ये एका बाईला सांगितलं. मले भीती वाटून राह्यली म्हून."

आत्याबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"थे बाई हसली का?"

"नाही. बसा म्हणाली."

त्यांनी पदराने डोळे पुसले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही. मीही रडले, भर रस्त्यात, पानटपरीवाल्याच्या देखत, पेपर देऊन येणारी सगळी पोरं समोरून जात असताना. कुणाला काय वाटतंय ते मी पाहिलं नाही. मग आम्ही दोघींनी चहा घेतला आणि जैनथची ऑटो धरली.

निकाल अजून लागायचा आहे. जेवढे मार्क पडतील तेवढे मी घरी आल्यावर मोठ्याने सांगणार आहे, आधी आत्याबाईंना.